नावाड्याच्या बायकोची हाक

घुमीने पुस्तक उघडलं नाही.

भाषेचा तास दुपारच्या सुट्टीनंतरचा. वरचे पत्रे तापून चटचट वाजत होते. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा खाली यायला तयार नव्हता. मिरचीच्या तोडणीचे दिवस आले की अर्धा वर्ग शेतात आणि उरलेला अर्धा पेंगुळलेला, याची बाईंना सवय झाली होती. पेंगणाऱ्याला हलवून जागं करता येतं. पण टक्क डोळे उघडे ठेवून, दोन्ही हात बाकाखाली घालून बसणाऱ्या पोरीचं काय करायचं?

"उभी राहा."

घुमी उभी राहिली. हात पाठीमागे नेले.

"वाच. नावाड्याचा धडा. कालच्या पुढे."

"काल मी नव्हते."

"म्हणूनच म्हणते, वाच. पुस्तक धर हातात."

घुमीने खाली वाकून कोपराने पुस्तक उघडलं आणि मनगटाच्या मागच्या बाजूने पान उलटलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली, बाहेरून परीक्षक येणार, त्या दिवशी जो गैरहजर तो भाषेत नापास, असा साधा हिशोब. आणि ही पोरगी कोपराने पानं उलटते.

घुमी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं! मागच्या बाकाला ऐकू जात नाही."

हे वाक्य बाई दिवसातून इतक्यांदा म्हणत की मुलं त्यांची नक्कल करताना नेमकं तेच म्हणत. आत्ताही मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालंच. तेव्हा मात्र बाईंचा तोल सुटला. त्या बाकापाशी गेल्या आणि त्यांनी घुमीचा हात धरून पुढे ओढला.

"नका धरू, बाई!"

हात गरम होता. ताप आलेल्या माणसाचं अंग लागतं तसा. बोटं सुजून चकचकीत झालेली, नखांच्या कडेची कातडी फाटलेली, फाटलेल्या जागी लाल रेघा.

"काय झालंय हे?"

"काही नाही."

"मिरची आहे, बाई," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "तिच्या पुस्तकाला हात लावला आणि डोळा चोळला की संपलं. म्हणून ती कुणाच्याच वस्तूला हात लावत नाही."

"काल कुणाच्या शेतात होतीस?"

घुमीने हात सोडवून पुन्हा पाठीमागे नेला. बाईंच्या लक्षात आलं की आता सगळा वर्गच आपल्याकडे बघतो आहे. पेंगणारेसुद्धा.

"कुणाच्या गं?"

"तुमच्या," घुमी म्हणाली. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

*

घरी येईपर्यंत बाईंनी विसरून एकदा डोळा चोळला होता. मग डोळ्यावर पाणी मारलं. तिखट पाण्याला दाद देत नाही, ते तेलात सुटतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि डोळ्याची आग होत असताना आठवणं यात अंतर असतं. पाण्याने ते नुसतं पसरलं. एका डोळ्याने त्या ओट्यापाशी उभ्या होत्या.

"अगं ए," खळ्यावरून सासूबाईंची हाक आली.

बाईंनी ओ दिली नाही. रोजच देत नसत. शाळेतून येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत हाक येई, आणि हाकेमागे काम असे. ओ दिली नाही तर निदान पाणी पिण्यापुरता वेळ मिळे.

"आई हाक मारतेय," नवरा आत येत म्हणाला. त्याच्या अंगाला मिरचीचा वास होता. त्या वासाने त्यालाच ठसका लागला.

"ऐकलं मी. तुम्ही आधी एक सांगा. माझ्या वर्गातली मुलगी आपल्या शेतात कशी?"

"मजुरांची टोळी सांगितलीये. टोळीत कोण आहे ते टोळीवाली ठरवते. मी काय हजेरी घेतो? हजेरी तू घेतेस."

"घेतलीच. अर्धा वर्ग नाही."

"मग माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि हसला. बाईंच्या तोंडाकडे बघून हसू आवरलं. "हे बघ, सगळं रान लाल झालंय. आभाळ रोज दुपारनंतर भरून येतंय. एक सर आली की झाडावरची पांढरी पडणार आणि खळ्यावरची कुजणार. मजूर मिळत नाहीत. शाळा तुझी आहे ना? दे चार दिवस सुट्टी."

"आणि परीक्षा?"

"ती काय भिजते का?"

मुख्याध्यापकांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. सकाळीच त्यांनी बाईंना बोलावून घेतलं होतं आणि हजेरीपटावर बोट ठेवून, फार मऊ आवाजात विचारलं होतं, "शेत तर तुमचंच ना, बाई? मग तुम्हीच सांगा की घरी." मऊ आवाजाला उत्तर देता येत नाही. शाळेत शेताचं ऐकायचं, घरी शाळेचं. दोन्हीकडे आपण पलीकडच्या बाजूच्या, हे बाईंना कळून चुकलं होतं.

"अगं ए, ऐकू येत नाही का!" सासूबाई स्वतःच दारात आल्या. "डोळ्याला काय झालं?"

"तिखट."

"मग पाणी काय मारतेस, तेलाचं बोट लाव कडेला. शिकलेली आहेस ना?" त्या गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "ताडपत्री ओढायची होती. ओढली मी."

*

टोळीवाली ही घुमीची आत्या. घुमीचे आईवडील कामासाठी दूर गेलेले, पोरीला तिच्याकडे ठेवून. उंच, हाडापेराने मोठी बाई. ओळीत वाकली तरी लांबून ओळखू यायची. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई सरळ रानात गेल्या.

"घुमीला परीक्षेच्या दिवशी पाठवा. एवढंच मागते."

"ओळ संपली तर पाठवते," आत्या मान वर न करता म्हणाली. तिचे हात चालूच होते; झाडात जात, लाल तेवढी धरत, देठ वर उचलून हलकेच मोडत. "धरलेली ओळ अर्धी टाकून आमच्यात कुणी उठत नाही. उठली की टोळीतून गेली. मी भाचीला सोडली तर उद्या बाकीच्या मला विचारतील."

"ती अजून शाळेतली मुलगी आहे."

"शाळेत तुम्ही बाई, शेतात मालकीण. पोरीनं कुणाचं ऐकायचं ते आधी तुम्ही ठरवा." शेजारच्या ओळीतून कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने कंबर सरळ केली, दोन्ही मनगटं पाठीला टेकवली. "आणि खरं सांगू? नापास झाली तर बरंच. मग एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे हे तरी थांबेल. पुस्तकालाही हात लावता येत नाही आणि मिरचीलाही नीट लावत नाही. तिची पाटी भरते कुठं!"

चार ओळी पलीकडे घुमी होती. ऐकत होती हे नक्की, कारण तिचे हात थांबले होते.

बाईंना इतका वैताग आला की बांधावर मटकन बसावंसं वाटलं. त्या बसल्याच. पिशवीतून पुस्तक काढलं. त्यामागे काही योजना नव्हती. पोरीचे हात मोकळे नाहीत, डोळे मोकळे नाहीत. कान तेवढे मोकळे आहेत, हे सरळ दिसत होतं. त्यांनी नावाड्याचा धडा वाचायला सुरुवात केली.

धडा साधा होता. नदीवर पूल होतो. नावाड्याची होडी कुणालाच नकोशी होते. तरी म्हातारा रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन होडीत साचलेलं पाणी उपसतो. एवढंच. धड्याखाली प्रश्न होता, 'नावाडी रोज पाणी का उपसतो?' आणि त्याचं उत्तर बाई वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत आल्या होत्या : आपल्या कामावर असलेल्या निष्ठेमुळे. त्या उत्तराला गुण मिळत.

"मोठ्यानं वाचा की," कुणीतरी ओरडलं. "इकडे ऐकू येत नाही."

बाईंनी आवाज चढवला. म्हातारा पाणी उपसतोय, पुलावरून गाड्या चालल्यात, मागे झोपडीतून बायकोने हाक मारली, म्हातारा उपसतच राहिला, असं वाचून त्या पान उलटायला थांबल्या.

"कशाला हाक मारली?" आत्याच्या पुढच्या ओळीतली म्हातारी मजूर म्हणाली.

"ते दिलेलं नाही."

"असं कसं? माणूस उगाच हाक मारतं?"

"जेवायला बोलवत असेल," दुसरी म्हणाली.

"जेवायला काय असणार? होडी बंद पडून किती दिवस झाले असतील!"

"मग तेच सांगायला बोलवत असेल की घरात काही नाही."

"तो ओळखून आहे. म्हणून तर जात नाही."

बाई म्हणाल्या, "लेखकाला इथे असं सुचवायचंय की..." पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. बाकीचा धडा त्यांना भांडणाच्या वरच्या पट्टीत वाचावा लागला. नवरा रिकाम्या पाट्या घेऊन आला तेव्हा निम्म्या बाया उभ्या राहून हातवारे करत होत्या.

"काय चाललंय? हात चालवा!" मग बायकोकडे वळून, दबक्या आवाजात, "अगं, दुःखाचं आलं की यांचे हात थांबतात. काहीतरी जोरकस वाच ना."

"हाच आहे परीक्षेला."

"कशाबद्दल आहे?"

बाईंनी सांगितलं. त्याने पाट्या खाली ठेवल्या. "होडी तो पाण्यातच ठेवतो ना? बरोबर आहे. कोरडी ठेवली तर फळ्या सुकून भेगा पडतात. मग कायमची गेली. थोडं पाणी शिरणारच, उपसत राहायचं." आणि लगेच, "पण बायकोला ओ द्यायला काय जातं त्याचं? बसल्या जागेवरून द्यायची."

 बाईंनी घुमीला मुद्दाम विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला नाही आवडला तो म्हातारा."

"का?"

तिने खांदे उडवले, पाटी उचलली आणि गेली. बाईंना तिथल्या तिथे पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं.

पण दुसऱ्या संध्याकाळी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. जाताना तेलाची बाटली नेऊ लागल्या. ओळ संपली की घुमीने हात पुढे करायचे, बाईंनी तेल चोळायचं, मग साबण. बोटं धरून ठेवली की ती आधी आखडून घेई. नंतर नंतर नुसतीच दुसरीकडे बघत राही. सासूबाईंची कुरकुर दोन्हीवर होती, तोडणी मंदावते यावर आणि तेल संपतं यावर. तरी वाचन सुरू झालं की त्या काहीतरी निमित्त काढून बांधाच्या जवळपास असत.

*

परीक्षेच्या आदल्या रात्री आभाळ भरलेलंच राहिलं. ढगांमुळे रात्र गार झाली नाही आणि दव पडलं नाही. एरवी दव वाळल्याशिवाय लाल मिरचीला हात लावत नाहीत. ओली तोडली की ढिगात कुजते. आज झाडं उजाडतानाच कोरडी होती आणि वर आभाळ काळं. बाई रानात पोचल्या तेव्हा टोळी ओळींना लागलेली होती. घुमीची ओळ अजून जवळजवळ सगळीच बाकी होती, आणि रानातली ती सगळ्यात लांब ओळ.

"ओळ संपली की पाठवते," आत्या म्हणाली. "मी शब्द फिरवत नाही. पण बघा आभाळ."

"ओळीत दोघी चालतात का?"

आत्याने बाईंच्या शाळेच्या साडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालतात. पण मिरची देठासकट यायला पाहिजे. देठ झाडावर राहिला की ती टिकत नाही. मालक ओरडतो." जरा थांबून म्हणाली, "तुमचाच."

पदर खोचून बाई ओळीत शिरल्या. घुमी एका बाजूने, त्या दुसऱ्या बाजूने. मिरची दिसते तशी नुसती ओढून येत नाही. ओढली तर फांदी येते, पिरगळली तर फुटते आणि बी बोटांवर येतं. घुमी पुढे जाई, थांबे, मागे येऊन बाईंनी सोडलेल्या मिरच्या न बोलता तोडून घेई. हे तिने पुनःपुन्हा केलं. वर्गात चुका दाखवताना आपलं तोंड कसं दिसत असेल, असा एक नकोसा विचार बाईंच्या मनात आला. मग कमरेत अशी कळ आली की विचार करायला जागाच उरली नाही.

"बाई, फुटकी वेगळी टाका."

"टाकते."

"नाकाला हात लावू नका."

"खाज आलीये गं."

"दंडानं खाजवा."

ओळ संपली तेव्हा बाईंच्या दोन्ही पंजांत निखारे धरल्यासारखं झालं होतं. तेलाची बाटली घरी राहिली होती. दोघी तशाच शाळेकडे निघाल्या, हात अंगापासून लांब धरून, भराभर.

*

परीक्षक नीटनेटके, पांढऱ्या रुमालाचे गृहस्थ होते. सगळ्यांची परीक्षा उरकून ते उठायच्या बेतात होते. घुमीला समोर उभी केली. बाई मागच्या बाकावर बसल्या. मध्ये बोलायचं नाही असा नियम होता.

"पुस्तक हातात घे आणि वाच."

टेबलावर शाळेचं कोरं पुस्तक होतं. घुमीने हात पाठीमागे घेतले.

"घे ना. ऐकू येत नाही का?"

ती हलेना. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंना दिसलं की आता नापासाचा आकडा पडणार. नियम गेला चुलीत, असं मनाशी म्हणत त्या उठल्या, पिशवीतलं स्वतःचं पुस्तक काढलं आणि घुमीच्या समोर उघडून धरलं.

"हे काय, बाई?"

"तिचे हात तिखट आहेत, सर. ते पुस्तक उद्या दुसऱ्या मुलांच्या हातात जाईल. हे माझं आहे. हे आधीच तिखट झालंय."

परीक्षकांना काही उलगडा झाला नसावा. पण घुमीने वाचायला सुरुवात केली. चांगलं वाचलं नाही. अडखळली, एक ओळ गाळली. मात्र ऐकू येईल असं वाचलं.

"ठीक. नावाडी रोज पाणी का उपसतो?"

बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं उत्तर मनातल्या मनात म्हटलं. म्हण. निष्ठेमुळे. म्हण आणि मोकळी हो.

"नाही उपसलं तर होडी बुडेल," घुमी म्हणाली.

"ते झालंच. पण होडी आता कुणाला हवी आहे?"

"कुणालाच नको. म्हणून तो चिडलाय."

"चिडलाय?" परीक्षकांनी भुवया वर केल्या. "धड्यात असं कुठेही म्हटलेलं नाही."

"म्हटलेलं नाही. पण त्याची बायको हाक मारते आणि तो ओ देत नाही. कामात आहे म्हणून नाही. ओ देताना हात थांबत नाहीत, बसल्या जागी देता येते. तो पुलावर चिडलाय आणि राग काढतो तिच्यावर. मला नाही आवडला तो." ती थांबली. "पण रोज उठून जातो, ते खरंय."

 बाई पुस्तक धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या कानात भलतीच हाक वाजत होती, खळ्यावरून येणारी.

"बायको? कुठे आहे बायको?" परीक्षकांनी बाईंच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, पानांवरून बोट फिरवत ती ओळ शोधली. सापडली. ती त्यांनी पुन्हा वाचली. आयुष्यभर हा धडा विचारणाऱ्या माणसाला ही ओळ नवीन असावी, असं त्यांचं तोंड झालं. विचार करता करता त्यांनी चष्मा वर सारला आणि डोळे चोळले.

"डोळ्याला नका लावू, सर!" घुमी आणि बाई एकदमच ओरडल्या.

उशीर झाला होता. मुख्याध्यापक चहा घेऊन दारात आले तेव्हा परीक्षक पांढऱ्या रुमालात तोंड खुपसून घळाघळा रडत होते आणि समोर घुमी ताठ उभी होती. मुख्याध्यापकांनी कप हळूच टेबलावर ठेवला. "इतकं चांगलं वाचलं का हिने?" ते कुजबुजले.

"पाणी नका देऊ," बाई म्हणाल्या. "तेल आणा."

एका डोळ्याने, तोंडाने सूं सूं करत, परीक्षकांनी घुमीच्या नावापुढे आकडा लिहिला. बाईंनी मान लांबवून पाहिला. फार नव्हता. पुरेसा होता.

*

शाळेतून बाहेर पडल्या तेव्हा वारा सुटला होता आणि उजेड पिवळट झाला होता. खळ्यावरची ताडपत्री लांबूनही फडफडताना दिसत होती. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला आत्या, आणि मध्ये सासूबाई, पसरलेली मिरची पायांनी ढकलत गोळा करणाऱ्या.

घुमी पुढे पळत सुटली. बाईंना पळवेना, कंबर धरली होती.

"पास झालीस, कळलं ना?" त्या मागून म्हणाल्या.

घुमीने मान हलवली. तिला आनंद झाला की नाही, ते पाठीवरून काय कळणार. समोरून तरी कळलं असतं का, कोण जाणे.

"अगं ए!" वाऱ्यावरून सासूबाईंची हाक आली. "अगं, ऐकू येतं का!"

हाक म्हणजे पुन्हा काम. उभ्या दिवसात पाण्याचा घोट मिळाला नव्हता. हातांची आग कोपरापर्यंत चढली होती. तपासायचे गठ्ठे तसेच पडले होते. बाईंनी दात आवळले.

"ओ," त्या म्हणाल्या.

घुमीने पळता पळता मागे वळून पाहिलं.

"मोठ्यानं, बाई," ती ओरडली. "तिकडे ऐकू जात नाही."

बाईंनी श्वास घेतला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी ओ दिली.